भाची ४ वर्षांची, गोळी मात्र आजोबांची? (लहान मुलांचं हार्ट फेल्युअर आणि बीटा ब्लॉकर)

परभणीचा_मामा
नमस्कार मंडळी. इथं डॉक्टर आहेत, केमिस्ट आहेत, अशा दुखण्यातून गेलेले आईबापही असतील, म्हणून धागा काढायलोय.

माझी भाची ४ वर्षांची, वजन १३ किलो. दिवाळीच्या आधी सर्दी-ताप झाला. ताप गेला, पण लेकरू जेवेना. दोन पायऱ्या चढली की धाप. रात्री झोपेतून उठून बसायची आणि आईच्या खांद्यावर मान टाकूनच झोपायची. छाती भरली म्हणून दोनदा अँटिबायोटिक झालं. शेवटी एक्स-रेत हृदय मोठं दिसलं, मग संभाजीनगरला इको (हृदयाची सोनोग्राफी). डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदय फुगून कमजोर झालेलं. पंपिंग २८ टक्के, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं तेवढंच रक्त बाहेर जातंय.

कागदावर 'हार्ट फेल्युअर' लिहिलेलं. दाजींनी तेवढंच फोनवर वाचून दाखवलं आणि ताईच्या सासूबाईंनी हंबरडाच फोडला. आपल्याकडं 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. खरं तर हृदय कामाला कमी पडतंय, एवढाच त्याचा अर्थ. अर्ध्या तासात अर्धं गाव दारात. त्यांना समजावण्यातच रात्र गेली.

आता मुद्दा. लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं), एनव्हास (रक्तवाहिन्या सैल करणारं) आणि अल्डॅक्टोन चालू आहे, त्यानं धाप बरीच उतरली. परवा त्यात कार्व्हेडिलॉल हा बीटा ब्लॉकर नव्यानं लिहून दिला. ही गोळी माझ्या ओळखीची, बाबांना अटॅक आल्यापासून ६ वर्षं तीच चालू आहे. वाचलं तर म्हणे ही हृदयाची गती आणि जोर कमी करते. २८ टक्क्यांवर चाललेल्या हृदयाचा जोर आणखी कमी कशाला करायचा? शिवाय एका ठिकाणी 'मुलांमध्ये फायदा सिद्ध झालेला नाही' असंही वाचलं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले "महत्त्वाची आहे, सुरू करा", तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

ताई सध्या आमच्याकडं माहेरी आहे. पुडी हातात घेऊन बसलीय. द्यावी का?

ज्वारीची_भाकर
मामा, आधी धीर धरा. मला डॉक्टरकीतलं कळत नाही, बैलातलं कळतं. थकलेल्या बैलाला चाबूक हाणला की तो चार पावलं जोरात जातो आणि पाचव्याला बसतो. आमच्या चुलत्याला हीच गोळी देताना डॉक्टरांनी असंच सांगितलं होतं, की चाबूक काढून घ्यायचाय म्हणून.

संशयी_अण्णा
सिद्ध नाही तर देतात कशाला? कंपन्यांचा खेळ आहे सगळा. मोठ्यांचं गिऱ्हाईक संपलं, आता लेकरं धरली.

गोळीवाला
अण्णा, दुकान माझं आहे, मी सांगतो. कार्व्हेडिलॉल जुनं औषध, डझनभर कंपन्या बनवतात, स्वस्तातलं. यावर कुणाचा बंगला उठत नाही. उलट मुलांसाठी बाजारात सोयीचं पातळ औषध मिळत नाही, कारण त्यात कमाई नाही. तक्रार करायची तर ती करा.

डॉ_बालविभाग
परभणीचा_मामा, मी बालरोगाचं काम करते. तुमच्या भाचीचा इको मी पाहिलेला नाही, त्यामुळे 'द्या' किंवा 'नका देऊ' हे माझ्याकडून घेऊ नका. पण प्रश्न अगदी बरोबर आहे. मोठमोठ्या डॉक्टरांनी वीस वर्षं हाच प्रश्न विचारला होता.

हृदय कमजोर झालं की शरीर घाबरतं आणि अ‍ॅड्रेनालिनसारखी रसायनं सोडत राहतं. त्यानं नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. दोन-चार दिवसांसाठी हे ठीक असतं. महिनोन्महिने चाललं की तीच रसायनं हृदयाच्या पेशींना झिजवतात, हृदय आणखी फुगतं. बीटा ब्लॉकर या रसायनांची दारं बंद करतो. वर चाबकाचं उदाहरण आलंय ते बरोबर आहे.

पूर्वी हार्ट फेल्युअरमध्ये हे औषध वर्ज्य मानायचे, तुमच्याच तर्कानं. १९७५ साली स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी अशा ७ रुग्णांना दिलं आणि ते सुधारले. पटायला दोन दशकं गेली. १९९९ मध्ये मेटोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरच्या चाचणीत ३,९९१ मोठी माणसं होती, त्यात मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. बिसोप्रोलॉल आणि कार्व्हेडिलॉलचंही तसंच दिसलं.

मुलांचं चित्र वेगळं. सगळ्यात मोठी चाचणी २००७ मध्ये छापून आली. अमेरिकेतली २६ रुग्णालयं, १६१ मुलं, ८ महिने. काहींना कार्व्हेडिलॉल, काहींना नुसती औषधासारखी दिसणारी गोळी. सुधारलेली मुलं दोन्हीकडं ५६ टक्के. तुम्ही वाचलेलं 'सिद्ध नाही' ते बहुतेक इथूनच आलंय.

संशयी_अण्णा
घ्या! खडूची गोळी दिली तरी ५६. मी काय म्हणत होतो?

एमडी_जुना
अण्णा, थांबा जरा. मी मोठ्यांचा फिजिशियन, उदगीरकडचा. त्या आकड्याचा अर्थ 'औषध निकामी' असा होत नाही. मुलांमध्ये अशी बरीच दुखणी विषाणूच्या तापानंतर हृदयाला सूज येऊन होतात आणि त्यातली काही आपोआप भरून येतात. ज्याला-त्याला बरंच व्हायचंय तिथं औषधाचा फरक दिसायला हजारो मुलं लागतील. १६१ म्हणजे काहीच नाही. शिवाय त्यात जन्मतः वेगळ्या रचनेच्या हृदयाची मुलंही होती. डावा कप्पा नेहमीप्रमाणे मुख्य पंपाचं काम करत होता त्या मुलांचा कल औषधाच्या बाजूनं दिसला, बाकीच्यांचा नाही.

माझं मत सरळ आहे. मोठ्यांत ज्या औषधानं मृत्यू एक तृतीयांशानं घटतात ते मुलाला नाकारायला मला तरी सबळ कारण हवं.

डॉ_बालविभाग
सर, इथं मात्र माझं तुमच्याशी जमत नाही. वासरू म्हणजे छोटा बैल नव्हे. मोठ्यांच्या कमजोर हृदयात मुख्यतः बीटा-१ ही दारं कमी होतात, मुलांमध्ये बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही कमी झालेली आढळली आहेत. लहान मुलांचं शरीर कार्व्हेडिलॉल लवकर बाहेरही टाकतं, त्यामुळे मोठ्यांच्या हिशोबानं काढलेली मात्रा कदाचित कमीच पडत असेल. आणि तो डाव्या कप्प्याचा कल हा कलच होता, निकाल नव्हे.

दुसऱ्या बाजूचंही सांगते. २००२ मध्ये ब्राझीलमधून एक छोटी चाचणी आली, हृदय बदलायच्या यादीतली २२ मुलं. कार्व्हेडिलॉल मिळालेल्या १४ पैकी ९ जण यादीतून बाहेर पडण्याइतके सुधारले. २०२० मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या, ७ चाचण्या, ४२० मुलं. निष्कर्ष असा की द्याच किंवा देऊच नका, यातलं काहीही ठामपणे सांगण्याइतकी माहिती नाही. तरी डावा कप्पा कमजोर असलेल्या, बाकी औषधांवर स्थिरावलेल्या मुलाला आम्ही बहुतेक जण देतो. मीही देते. पण आईबापांना हे सांगून देते.

औंढ्याची_कार्टी
'वासरू म्हणजे छोटा बैल नव्हे' हे आमच्या आजोबांना सांगा. ते पोळ्याला वासरालाही झूल घालायचे.

ज्वारीची_भाकर
@औंढ्याची_कार्टी वासराला झूल घालायला काय होतं? वखराला जुंपत नव्हते ना, बस्स.

खडू_फळा
थोडं विषयाबाहेर. हीच जातकुळी असलेलं प्रोप्रॅनोलॉल मी अर्धशिशीसाठी घेतो. ते तर म्हणे स्टेजवर हात थरथरणाऱ्यांनाही देतात. आमच्या लातूर पॅटर्नच्या पोरांना हे कळू नये एवढीच प्रार्थना.

गोदाकाठची_सई
मीही विषयाबाहेर जाते, पण गोष्ट छान आहे. माझ्या मुलीला ३ महिन्यांची असताना गालावर लाल, फुगीर डाग वाढायला लागला. सासूबाई म्हणाल्या ग्रहणाचा. त्वचेच्या डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल दिलं. मी घाबरले, हृदयाचं औषध गालाला? त्यांनी सांगितलं, फ्रान्समध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी अशाच डागाच्या बाळाला हृदयाच्या तक्रारीसाठी हे दिलं आणि डाग दुसऱ्याच दिवशी फिका पडायला लागला. २००८ मध्ये त्यांनी ते छापलं. माझ्या मुलीचा डाग वर्षभरात जवळजवळ गेला.

मुद्द्याचं म्हणजे आम्हाला एक गोष्ट दहा वेळा बजावली होती: उपाशीपोटी द्यायचं नाही. बाळ उलट्या-जुलाब करत असेल, पीत नसेल, तर त्या वेळची मात्रा थांबवून आधी फोन करायचा, कारण साखर एकदम उतरू शकते. मामा, कार्व्हेडिलॉललाही हे लागू आहे का, विचारून घ्या.

डॉ_बालविभाग
लागू आहे. साखर उतरली की एरवी हात थरथरतात, छाती धडधडते. या औषधानं त्या खुणा झाकल्या जातात. घाम मात्र येतो. मूल सुस्त पडलंय, घामानं ओलं झालंय, तर वाट पाहू नका. कार्व्हेडिलॉल जेवणाबरोबर दिलेलंच बरं, एकदम रक्तात उतरत नाही आणि चक्कर कमी येते. कुणी दमेकरी असेल, शिट्टीसारखा श्वास येत असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगायचं.

आणि हे 'आधी फोन' तुमच्या डॉक्टरांशी आजच ठरवून ठेवा. औषध आपल्या मनानं थांबवायचं नाही.

बिंदुसरा
मनानं थांबवण्यावरून आठवलं. मी बीड जिल्ह्यात शाळा-अंगणवाडी तपासणीच्या पथकात काम केलंय. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आपण ० ते १८ वयाची पोरं तपासतो, जन्मजात हृदयरोग त्यातच सापडतात. सापडणं जमतं. पुढचं अवघड.

एक ५ वर्षांचा पोरगा होता. असाच फुगलेल्या हृदयाचा, बीटा ब्लॉकर चालू, बरा चालला होता. आईबाप ऊसतोडीचे. मुकादमाकडून उचल घेतलेली, दसरा झाला की टोळी पश्चिमेकडं निघाली. नवरा-बायको मिळून एक कोयता, मागं लेकराला सांभाळायला कुणी नाही, म्हणून तेही गाडीत. जाताना १५ दिवसांची गोळी दिलेली, ती कोपीवर पावसात भिजली. तिथल्या गावात मिळेना. 'आता तर खेळायलाय, राहू दे' म्हणून बंद. आठ-दहा दिवसांत पोरगं धापेनं बेजार, तिथून परत आणलं. वाचला. पण पंपिंग होतं तिथून मागं गेलं.

हे औषध हळूहळू चढवतात आणि बंद करायचं झालं तरी हळूहळूच उतरवतात. दारं अचानक उघडली की साचलेला लोंढा एकदम आत येतो. तेव्हापासून मी कार्डावर लाल पेनानं लिहितो, 'एकदम बंद करू नये', आणि कारखाना सुरू होण्याआधी गावोगाव विचारत फिरतो की कोण जाणार, किती महिन्यांची गोळी लागणार.

मांजराकाठ
बिंदुसरा दादा, वाचून पोटात गोळा आला. आमच्या केज तालुक्यात ही घराघरातली गोष्ट आहे.

संशयी_अण्णा
ते जाऊ द्या, अर्जुनसादडा का देत नाही? साल दुधात उकळून. हृदयासाठी पिढ्यान्‌पिढ्या.

एमडी_जुना
अण्णा, स्वतः घ्या, चहाऐवजी घ्या. १३ किलोच्या लेकराला चार औषधांच्या वर पाचवं, तेही मात्रा माहीत नसलेलं? नको.

नांदेडची_सुगरण
मामा, एक विचारू? कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासलंय का? माझ्या भावाचं बाळ ५ महिन्यांचं असताना झटके आले आणि इकोत पंपिंग २० टक्के. घरात रडारड. निघालं काय, तर बाळाच्या आणि आईच्याही अंगात डी जवळजवळ नाहीच. ४३-४४ अंशांच्या उन्हात राहणारी माणसं आपण, आणि डी नाही! बाळंतीण सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं. कॅल्शियम-डी दिलं आणि काही महिन्यांत पंपिंग ६० वर आलं. आता पोरगं गोट्या खेळतंय.

डॉ_बालविभाग
हा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. ४ वर्षांच्या मुलीत ही शक्यता कमी, पण तत्त्व तेच: हृदय फुगलं असेल तर कारण शोधायचंच. तान्ह्या बाळात कॅल्शियम-डी, हृदयाला रक्त देणारी डावी धमनी जन्मतः चुकीच्या जागेवरून निघालेली, सतत फार जलद चाललेली नाडी. थोड्या मोठ्या मुलात चारही हातापायांची नाडी आणि बीपी बघायचं, मोठ्या रक्तवाहिन्या सुजून अरुंद झाल्या असतील तर तिथं सापडतं. यातली काही कारणं दूर केली तर हृदय पूर्ववत होतं. तिथं नुसती बीटा ब्लॉकरची पुडी देत बसलो तर वेळ जातो.

आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: हृदयाला मोठं छिद्र असलेल्या बाळालाही 'हार्ट फेल्युअर' म्हणतात, पण तिथं पंप बहुधा चांगला असतो, फुप्फुसाकडं रक्त जास्त जातं. त्याचा खरा इलाज छिद्र बंद करणं. दूध ओढताना कपाळावर घाम, चार घोट पिऊन दम खाणं, वजन न वाढणं, अशी बाळं 'किरकोळ अंगलटीची' म्हणून घरी ठेवू नका.

परभणीचा_मामा
सगळ्यांचे आभार. कारण शोधलंय असं कागदावरून दिसतं: चारही नाड्या नीट, डी थोडं कमी होतं ते चालू केलंय. विषाणूचीच शंका लिहिलीय. तुमचे मुद्दे कागदावर उतरवून काल पुन्हा फोन केला, या वेळी डॉक्टर ७ मिनिटं बोलले. नाडी किती खाली गेली तर कळवायचं तो आकडाही दिला. पुडी काल रात्री सुरू केली.

आता नवी पंचाईत. आमचे केमिस्ट ३.१२५ मिलिग्रॅमच्या एका गोळीच्या ५ पुड्या करून देतात. डोळ्यांनीच दिसतं की एक जाड, एक बारीक.

गोळीवाला
त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून पाण्याचा हिशोब लावून घ्या. गोळी मोजक्या पाण्यात, समजा ५ मिलीत, आणि त्यातलं १ मिली सुई नसलेल्या सिरिंजनं. पण हे औषध पाण्यात विरघळत नाही, बारीक कण होऊन तरंगतं आणि तळाला बसतं. न हलवता वरचं ओढलं तर पाणीच जाईल आणि शेवटच्या घोटात सगळं औषध. दर वेळी ताजं करायचं, नीट हलवायचं, लगेच ओढायचं, उरलेलं फेकायचं. गोळीतले चार भाग वाया जातात खरे, पण सांगितलं ना, स्वस्त आहे.

खडू_फळा
म्हणजे पळीतल्या पिठल्यासारखं. ढवळलं नाही तर वर पाणी, खाली डाळ.

परभणीचा_मामा
(६ आठवड्यांनी) धागा वर काढतोय.

मात्रा दोन-दोन आठवड्यांनी तीनदा वाढवली. दुसऱ्या वाढीनंतर तीन दिवस लेकरू मलूल होतं, नुसतं कुशीत. ताई म्हणाली बंद करू. मला बीडचा तो पोरगा आठवला. फोन केला, डॉक्टरांनी एक पायरी खाली आणली, लॅसिक्स थोडं बदललं, आठवड्यानं परत चढवली. काल इको झाला. पंपिंग ३६. जिना चढते, भांडते, भाकरीवर लोणी मागते.

संशयी_अण्णा
आनंद झाला मामा, मनापासून. पण मग हे गोळीनं झालं की आपोआप? ५६ टक्केवाल्यांतली असेल की ती.

परभणीचा_मामा
अण्णा, हेच मी डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "सांगता येणार नाही. तिच्या बाबतीत कधीच कळणार नाही." पहिल्यांदा वाटलं, हा माणूस खरं बोलतोय. औषध निदान काही महिने तरी असंच चालेल, मग पुन्हा इको.

एमडी_जुना
बरोबर सांगितलं त्यांनी. आणि सुधारलं म्हणून घाईनं बंद करायचं नाही.

गोळीवाला
मामा, एक राहिलं. तुमच्या बाबांची गोळी किती पॉवरची?

परभणीचा_मामा
१२.५. का?

गोळीवाला
भाचीनं सुरुवात केली ती ०.६२५ नं. म्हणजे बाबांची एक गोळी तिच्या त्या पुडीच्या २० पट. एकाच घरात एकाच नावाची दोन औषधं, आणि लेकरू आजोबांच्या मांडीवर बसून जेवतं. वेगळी ठेवा.

परभणीचा_मामा
अरे देवा. दोन्ही एकाच डब्यात होती, बाबा म्हणायचे "आम्ही आजा-नात एका कंपनीचे". आत्ता उठून बाबांची पाकिटं वरच्या देवळीत ठेवली, त्यांचा हात पोचतो, तिचा नाही. बाबा रुसलेत.